थॉर्नबीचं टिपण

हेमानं तिसऱ्या बाटलीचं बूच काढलं आणि बाटली वडिलांच्या नाकाखाली धरली. श्यामसुंदर गोवंडे खुर्चीत ताठ बसले होते. डोळ्यांवर घडी घातलेला पंचा बांधलेला, हात गुडघ्यांवर. त्यांनी हलकेच वास घेतला, मान मागे नेली आणि पुन्हा एकदा घेतला.

"जायफळ," ते म्हणाले. "पण किसलेलं नाही. स्पिरिटमध्ये काढलेला अर्क आहे."

"बरोबर."

पुढच्या बाटलीत केवडा होता, त्याच्या पुढच्या बाटलीत संत्र्याच्या सालीचं तेल. दोन्ही त्यांनी ओळखली. मग हेमानं मुद्दाम जायफळाचीच, पण बरीच पातळ केलेली बाटली पुढे केली. तिच्यावर ते थोडे जास्त थांबले.

"ही मघाचीच. पातळ केलीस."

शेवटच्या बाटलीवर त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी एकदा, दोनदा वास घेतला आणि मान हलवली.

"हिच्यात काही नाही."

"नक्की?"

"नक्की. धुऊन वाळवलेली बाटली आहे नुसती."

स्वयंपाकघरातून वासंतीबाईंचा आवाज आला, "आंधळी कोशिंबीर झाली असेल तर पानं घेऊ का?"

हेमानं पंच्याची गाठ सोडली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन ती बिबवेवाडीतल्या एका लहानशा कारखान्यात लागली होती. तिथे सरबतं, आइसक्रीम आणि बिस्किटं यांच्यात घालायचे अर्क तयार होत. बाटल्या तिथल्याच होत्या. तीनचार दिवस डोक्यात घोळवलेली ही परीक्षा आपण नीट आखली आहे, असं तिला वाटत होतं. रिकाम्या बाटलीचा तर तिला विशेष अभिमान होता.

"पैकीच्या पैकी," ती म्हणाली. "तुमच्या नाकाला काहीही झालेलं नाही, बाबा."

गोवंडे हसले नाहीत. चष्मा लावून त्यांनी समोरच्या बाटल्यांकडे पाहिलं.

"असलेलं मला ओळखता येतं, हे तू सिद्ध केलंस. पण आरोप तो नाही. नसलेलं मला येतं, असं त्यांचं म्हणणं आहे."

"म्हणून तर रिकामी बाटली ठेवली होती."

"त्या बाटलीबद्दल मी आधी काही लिहून ठेवलं नव्हतं," ते म्हणाले. "माणूस एकदा लिहून बसला, की तेच त्याला यायला लागतं."

ते उठले आणि हात धुवायला मोरीकडे गेले. पाइप ठेवायचा लाकडी ठोकळा गॅलरीच्या खिडकीत होता. त्याच्यावर बारीक धूळ बसली होती.

ही गोष्ट मागच्या रविवारी फुटली होती, पण तिची सुरुवात वर्षभरापूर्वीची. शनिवार पेठेतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत दर रविवारी सकाळी पाच जण पाइप ओढायला जमत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आप्पासाहेब, मार्केट यार्डातले गुळाचे अडते हिंदुराव, बँकेतले दोघे आणि स्वतः गोवंडे. त्यांना सगळे 'सर' म्हणत, कारण शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. चांगली विलायती तंबाखू पुण्यात मिळण्याची सोय नव्हती. आप्पासाहेबांचा भाचा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता, तो वर्षातून एकदा घरी येताना एक मोठा डबा आणी आणि तो पाच जणांत वाटला जाई. डबा एकच, म्हणजे मिश्रणही एकच. निवड चुकली की पाचही जणांचं वर्ष वाया.

म्हणून भाचा आदल्या खेपेला तीनचार मिश्रणांचे छोटे नमुने आणून देई आणि सर त्यांचं टिपण लिहीत. त्यांची पद्धत ठरलेली होती. परदेशी मासिकांची कात्रणं त्यांच्याकडे होती. वर्षानुवर्षं पाइप ओढणारे, मुरलेले परीक्षक त्यांत एकेका मिश्रणाची चव आणि वास वर्णन करून सांगत. सर आधी ती कात्रणं वाचत, मग नमुना ओढत.

"परीक्षक चांगला की वाईट, हे महत्त्वाचं नाही," त्यांनी हेमाला एकदा समजावलं होतं. "तो आपल्यापासून कुठल्या बाजूला आणि किती सरकलेला आहे, ते कळलं की झालं. हा एक गृहस्थ आहे, याला सगळंच गोड लागतं. हा मनुका म्हणाला, की मी नुसता गूळ समजतो. आणि हा दुसरा. हा कौतुक करतच नाही. याने 'चालेल' लिहिलं, की डबा मागवायचा."

हेमाला ते फार पटलं होतं. कारखान्यातला जुना तराजू नेहमी थोडं जास्त दाखवी, पण प्रत्येक वेळी तेवढंच जास्त, त्यामुळे त्याच्यावर बिनधास्त काम करता येई. सरांचं टिपणही त्या चौघांना तसंच सवयीचं झालं होतं. हेमा स्टेन्सिल कापून देई, शाळेतल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर पाच प्रती निघत आणि आप्पासाहेब भाच्याला पत्र टाकत.

गेल्या वर्षी सरांनी थॉर्नबी मिक्श्चर निवडलं. टिपणाचा शेवट हेमाला पाठ होता, कारण तो तिनं स्वतः टंकला होता. 'जुन्या चामडी पेटीचं अस्तर, उन्हात तापलेलं लाकूड, आणि या सगळ्याच्या मागे एक थंड, गोडसर, घरगुती वास, ज्याला मला नाव देता आलेलं नाही.' त्या एका ओळीवर चौघांनी होकार दिला होता.

डबा आला, सगळ्यांसमोर फुटला, वाटला गेला. पहिले काही महिने कुणी काही बोललं नाही. सर म्हणाले, मुरू द्या. मग आप्पासाहेब म्हणाले की पेटी अजून उघडलेली दिसत नाही. आणि मागच्या रविवारी हिंदुरावांनी आपला तंबाखूचा बटवाच सरांच्या पुढ्यात उघडून ठेवला.

"घ्या, सर. तुमीच सांगा, कुठं हाय ते लाकूड आन् ती पेटी? मला तर कडब्याच्या गंजीत बसल्यागत वाटतंय."

सरांनी वाकून वास घेतला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"नाही येत," ते म्हणाले.

"मग टिपणात कुठून आला?" आप्पासाहेबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. पुण्यात राग यायच्या आधी जे येतं, ते होतं. "यंदा मला वाटतं डब्यावरचं चित्र बघून मागवावं. निदान चित्र तरी सगळ्यांना सारखंच दिसतं."

ते गेल्यावर सरांनी स्वयंपाकघराच्या कपाटातून आपली काचेची बरणी काढली, झाकण उघडलं आणि वास घेतला. लाकूड होतं. पेटी होती. तो तिसरा वासही होता. त्यांनी झाकण लावलं आणि त्या दिवसापासून पाइप हातात धरला नाही. एकाच डब्यातली तंबाखू हिंदुरावांच्या बटव्यात एक आणि आपल्या बरणीत एक कशी असेल? म्हणजे घरी आपण आपलंच टिपण हुंगतो आहोत, असा अर्थ त्यांनी लावला.

तंबाखू सुटली असती तर हेमाला बरंच वाटलं असतं. पण सुटलं ते भलतंच. बुधवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा सर दुधाचं पातेलं घेऊन उभे होते. दूध नासलंय का, हे या घरात तेच सांगत. वासंतीबाई न बोलता पातेलं त्यांच्यापुढे करत आणि त्यांचं एका श्वासात उत्तर येई.

"जरा बघ गं," त्यांनी पातेलं हेमापुढे धरलं. "मला ठीक वाटतंय. पण तू बघ."

जेवतानाही ते पहिल्या घासानंतर थांबू लागले. आमटीत मीठ आहे ना, म्हणून विचारू लागले. वासंतीबाई म्हणत, "आहे. जेवा." पण त्या दोनदा सांगत, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यांच्याकडे बघत.

म्हणूनच तर बाटल्या आणल्या होत्या. आणि आता त्या पुसून पेटीत ठेवताना हेमाच्या मनात वडिलांनी त्या रविवारी सांगितलेलं एक वाक्य अडकून राहिलं. माझ्या बरणीत येतो, हिंदुरावांच्या बटव्यात येत नाही. ते याला मनाचा खेळ म्हणत होते. ती मात्र याला निरीक्षण म्हणायला तयार होती. तिनं बरणी उघडून स्वतः वास घेतला. काहीतरी होतं खरं. पण ते टिपण तिनं स्वतःच्या हातांनी टंकलं होतं, तेव्हा तिचंही नाक साक्षीला चालणार नव्हतं. तिला दुसरा नमुना हवा होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून ती मार्केट यार्डात गेली. गुळाच्या गाळ्यांपुढे ट्रक लागले होते. हिंदुराव फेटा सैल करून एका ढेपेत सुरी खुपसून बघत होते.

"या या, सरांची लेक! गूळ पायजे का?"

"नाही काका. तुमच्या पाइपमधली चिमूटभर तंबाखू पाहिजे."

हिंदुरावांची सुरी ढेपेतच राहिली. "आँ? तुमीबी सुरू केली का काय?"

"कारखान्यात तपासायची आहे."

"तपासा की. काय घावलं तर आमालाबी सांगा. वरीसभर वाळकं गवत ओढून घसा गेला माझा." त्यांनी बटव्यातून बोटभर तंबाखू कागदात बांधून दिली. मग गाळ्यातल्या माणसांकडे पाठ करून आवाज खाली आणला. "सरांना लई लागलं का वो?"

हेमानं पुडी पर्समध्ये ठेवली.

"आमचा धंदाच असा हाय. ढेप बिघडली तर बिघडली म्हनायचं, तोंड बघायचं न्हाई. पन सरांमुळंच वढायला शिकलो मी. न्हायतर मला काय कळत व्हतं? ते लिवायचे 'इथं मनुका येईल', आन् खरंच यायचा बघा." त्यांनी सुरी ढेपेतून उपसली. "यंदा चित्र बघून मागवायचं म्हंत्यात. मग मला तर काय बी येनार न्हाई."

शनिवारी सकाळी कारखान्यात तिनं दोन परीक्षानळ्यांत दोन्ही तंबाखू अल्कोहोलमध्ये भिजवल्या. एकीत हिंदुरावांची, एकीत घरची. गाळून घेतल्यावर प्रत्येकीत टीपकागदाची पट्टी बुडवली आणि दोन्ही पट्ट्या खिडकीजवळच्या दोरीला चिमट्यांनी लावल्या. हे तिचं रोजचंच काम होतं. हलके वास आधी उडून जातात, जड मागे राहतात. सकाळी ज्यांची एकमेकांत गर्दी असते, त्यांतला एखादा दुपारी एकटा सापडतो.

दोन्ही पट्ट्या आधी सारख्याच होत्या. गवत, थोडा मध. जेवणाच्या सुट्टीनंतर हिंदुरावांची पट्टी जवळपास कोरी झाली होती, नुसता वाळलेल्या पाल्याचा वास उरला होता. घरच्या पट्टीत मात्र काहीतरी ठाण मांडून बसलं होतं. थोडं लाकूड, थोडं चामडं, आणि मागे काहीतरी थंड, गोडसर. तिनं डोळे मिटले. तंबाखूचा विचार करायचा नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. जणू कारखान्यात आलेला कुठलातरी अनोळखी अर्क आहे.

आणि मग तिला मामेबहिणीचं बाळ आठवलं. न्हाऊ घातलेलं, कुंचीत गुंडाळलेलं, टाळूवर पावडर दाबलेलं. ते मांडीवर घेतलं की त्याच्या डोक्याचा येणारा वास.

"वेखंड," ती मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या टेबलावर अर्क भरणाऱ्या मैनाबाईंनी वर पाहिलं.

"कुणाला झालं बाळ?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सर वाचनालयात गेले होते. वासंतीबाई भाजी निवडत होत्या. हेमानं चपला काढल्या आणि थेट कपाटातून बरणी घेतली.

"आई, बाबांच्या बरणीत काय ठेवलंयस?"

"तंबाखू," वासंतीबाई म्हणाल्या.

"तंबाखूखाली?"

"वेखंड. का?"

इतक्या सहज आलेल्या उत्तराची हेमानं तयारी केली नव्हती. ती ओट्याला टेकली.

"कधीपासून?"

"गेल्याच्या गेल्या वर्षी किडा लागला होता ना त्यांच्या डब्याला. अख्खा डबा टाकून दिला, आठवत नाही? चार दिवस घरात सुतक. तेव्हा म्हटलं, आता ही बरणी मीच घासून भरून देत जाईन. तळाला वेखंडाचं कांडं मलमलीत बांधून ठेवलं, वर जाड कागद घातला. परत किडा नाही लागला." मेथीची जुडी सोडता सोडता त्या थांबल्या. "काय झालं?"

हेमानं सांगितलं. पट्ट्या, गवत, बाळ, सगळं. थॉर्नबीचा नमुनाही याच बरणीत ठेवलेला होता आणि नंतर वाट्याची तंबाखूही. म्हणून टिपण लिहिताना तो वास होता, म्हणून अजूनही आहे, आणि म्हणून बाकी कुणाकडे नाही.

वासंतीबाईंनी हातातली काडी ताटलीत ठेवली.

"ते थंड, गोडसर, घरगुती लिहिलंय, ते हे?"

"तू वाचलंस?"

"रद्दीत टाकायच्या आधी मी सगळंच वाचते." त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली. "मला वाटलं होतं काहीतरी विलायती अत्तर असेल. पेटी काय, अस्तर काय." मग एकदम कोरड्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर जो तमाशा चाललाय, तो माझ्यामुळे."

"तसं नाही, आई. उलट बाबांचं नाक बरोबर ठरतं."

"आणि मी वाण्याच्या दुकानातलं वेखंड घालून परदेशी तंबाखू नासवली, तेही बरोबर ठरतं. पाच जणांचं वर्ष घालवलं." त्यांनी ताटली उचलली. "आत्ता जेवायच्या वेळी काढू नकोस हा विषय."

रात्री जेवताना सरांनी दोनदा मिठाबद्दल विचारलं. वासंतीबाईंनी दोन्ही वेळा उत्तर दिलं. हेमानं आईकडे बघून भुवया उंचावल्या, तर आईनं तिला भात वाढला. नको असताना.

रविवारी चौघेही वेळेवर आले. कुणी पाइप काढला नाही. या वर्षीच्या नमुन्यांचे छोटे गोल डबे स्टुलावर ठेवले होते, न उघडलेले. सर खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"भाच्याला कळवायचं आहे ना?" ते आप्पासाहेबांना म्हणाले. "हे घेऊन जा. टिपण यंदा तुम्ही लिहा."

"मी?" आप्पासाहेब म्हणाले. "मी जन्मभर धरणांचे अहवाल लिहिले. ते कुणी वाचले नाहीत म्हणून धरणं उभी आहेत."

कुणी हसलं नाही. सरांनी डबे त्यांच्या बाजूला सरकवले.

"मला खरंच सांगता यायचं नाही," ते हळूच म्हणाले. "जे नाही तेही येतं मला. तुम्ही लोकांनी माझ्यावर विसंबावं, असं आता राहिलेलं नाही."

हिंदुराव गॅलरीच्या कठड्याबाहेर बघत होते. हेमा खिशातल्या दोन पट्ट्या काढणार, एवढ्यात वासंतीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. एरवी त्या ट्रे दारात हेमाच्या हाती देत आणि धुरामुळे पदर नाकाला लावून मागे फिरत. आज त्या आत आल्या. ट्रेमध्ये कपांच्या मधोमध सरांची बरणी होती.

त्यांनी स्टुलावर वर्तमानपत्र पसरलं, बरणी पालथी केली, तळाचा कागद नखानं काढला. मळकट मलमलीची एक पुरचुंडी तंबाखूवर पडली.

"वेखंड," त्या म्हणाल्या. "किडा लागू नये म्हणून मी ठेवलं होतं. यांना माहीत नाही. तुम्हाला जो वास मिळाला नाही, तो हा. त्यांचं काही चुकलेलं नाही."

एका दमात बोलून त्या उभ्या राहिल्या, आता कुणी काय म्हणायचं ते म्हणा, अशा. सर पुरचुंडीकडे बघत होते.

आप्पासाहेबांनी ती उचलली, हुंगली, मग तंबाखू हुंगली. पुन्हा पुरचुंडी. खिशातून घडी केलेलं टिपण काढून त्यांनी शेवटची ओळ मनाशी वाचली.

"सर," ते म्हणाले, "तुमचं टिपण अक्षरशः खरं आहे. फक्त ते तंबाखूचं नाही."

मग हिंदुरावांचं हसू फुटलं ते आवरेना. "म्हंजी वैनी, बाळगुटीच राहिली की आमची! तरी म्हनलं, सर एवढे गुटगुटीत कसे." डोळे पुसत त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला. "सर, कान धरतो. नाक गेलं म्हनलो मी बाहेर चारचौघांत. आता त्याच चारचौघांत जाऊन सांगतो."

बँकेतल्या दोघांनीही बरणीत नाक घातलं. एक म्हणाला की छानच लागत असणार. दुसरा म्हणाला, थॉर्नबीच परत मागवावी आणि वहिनींनी सगळ्यांना एकेक कांडं द्यावं.

"काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं," वासंतीबाई म्हणाल्या. "आपापल्या घरी सांगा."

आप्पासाहेबांनी नमुन्यांचे डबे एकावर एक रचून पुन्हा सरांपुढे ठेवले. "नाक शाबूत आहे. तेव्हा सुटका नाही. पुढच्या रविवारी टिपण." बाकीच्यांनी माना डोलावल्या, पाइप निघाले, काडेपेटी फिरली. हेमानं वडिलांकडे पाहिलं. हेच तर त्यांना परत हवं होतं. पण त्यांनी डब्यांकडे बघितलंही नव्हतं. मलमलीची गाठ सोडून त्यांनी ते बोटाच्या पेराएवढं कांडं बाहेर काढलं होतं. तपकिरी, सुरकुतलेलं, एका टोकाला केसाळ. सर ते नाकाशी नेत, दूर धरत, परत नेत.

"मला हा ओळखू कसा आला नाही?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं, ते कळलं नाही. मग त्यांनी वर पाहिलं. "हे तू आणखी कशात ठेवतेस?"

"कशात म्हणजे? सगळ्यात." वासंतीबाई रिकामे कप गोळा करत होत्या. "शालींत ठेवते. तुमच्या लोकरी कोटाच्या खिशात ठेवते. पुस्तकांच्या मागे एकेक तुकडा असतो, नाहीतर कसर लागते. गोधड्यांत, उशांच्या पेटीत. हेमाच्या कुंच्या अजून ठेवल्यात, त्यांत."

"कधीपासून?"

"आले तेव्हापासून."

कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई, की जो वास सतत भोवती असतो तो नाक काही काळानं मोजणं सोडून देतं. हेमानं ते स्वतः कितीजणांना सांगितलं होतं. आता सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"बरं," सर म्हणाले.

वासंतीबाई ट्रे घेऊन आत गेल्या. गॅलरीत धूर झाला, आप्पासाहेबांनी भाच्याच्या बोटीच्या तारखा सांगितल्या, हिंदुरावांनी गुळाचे भाव. सर त्यांच्यात बसले होते आणि विचारलं की उत्तरं देत होते. थोड्या वेळानं ते उठले आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले. बराच वेळ आले नाहीत.

हेमा बघायला गेली. स्वयंपाकघरात फक्त आई होती, कुकरची शिटी लावत. मधल्या खोलीत गोधड्यांचं मोठं कपाट सताड उघडं होतं. सर त्याच्यापुढे उभे होते, चष्मा हातात, तोंड वरच्या खणातल्या घड्यांमध्ये. त्यांचे खांदे सावकाश वर जात होते आणि खाली येत होते. खालच्या खणातली एक शाल अर्धी ओढलेली होती. हेमा दाराशीच थांबली.

तिच्या मागून वासंतीबाई आल्या, ओले हात पदराला पुसत. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं.

"अहो, काय शोधताय?"

सरांनी मान बाहेर काढली नाही. "काही नाही," आतून आवाज आला.

वासंतीबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग स्वयंपाकघराकडे वळता वळता म्हणाल्या, "झालं की दार घट्ट लावा. वास उडून जातो."